सुमेधा आणि गुलाबी रक्तजल

गढा वस्तीतली सुमेधा मेश्राम बारा वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासत होती. पण १९९६ सालच्या त्या सकाळी तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. इस्पितळात पहिल्यांदाच हृदय थांबवून शस्त्रक्रिया होत होती. तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम एक पंप करणार होता. टेबलावर होत्या भेडाघाटला मूर्ती विकणाऱ्या कलावतीबाई. त्यांच्या हृदयाची झडप निकामी झाली होती.

दर अर्ध्या तासानं वरच्या ऑपरेशन थिएटरमधून रक्त यायचं. सुमेधा त्यातली दोन एन्झाइम मोजायची. सीके-एमबी वाढलं, तर हृदयाच्या स्नायूला इजा. एलडीएच मात्र नुसत्या तांबड्या पेशी फुटल्या तरी वाढतं.

तिसऱ्या नमुन्यात एलडीएच एकदम तिप्पट! तिनं वर फोन लावला, तर शल्यचिकित्सक डॉक्टर दिवाकर यांनी नर्सकडून निरोप दिला, "हृदयाला मार बसला का, विचारा."

सुमेधानं नळी उजेडात धरली. पेशी खाली बसल्यावर वर उरणारं, एरवी पिवळसर असलेलं रक्तजल चक्क गुलाबी दिसत होतं.

"सरांना सांगा, नाही," ती फोनवर म्हणाली. "सीके-एमबी जागच्या जागी आहे. पेशी फुटून राहिल्या. सुईनं फुटल्या असतील, दुसऱ्या जागेवरून रक्त पाठवा."

दुसऱ्या जागेचा नमुनाही गुलाबीच. म्हणजे सुईचा दोष नाही! नळी दाबून रक्त पुढे ढकलणारा पंपाचा रोलरच पेशी चिरडत असणार! आता फोन कसला करते? दोन जिने धडाधड चढून ती थिएटरच्या दारातूनच ओरडली, "पुंडलिकभाऊ, पंपाचा रोलर पाहा! नळी जास्त दाबून राहिला!"

पंप चालवणारे पुंडलिकभाऊ तडकले. "काहून? सकाळीच तर लावला मी!"

"देख लो भैया," मान वर न करता डॉक्टर म्हणाले.

पुंडलिकभाऊंनी स्क्रू चाचपला आणि त्यांचा चेहरा उतरला. रोलर खरंच घट्ट होता. त्यांनी तो बेतानं सैल केला.

पुढच्या नमुन्यात रंग फिका झाला, एलडीएचची चढण थांबली. सुमेधानं आकडा तीनदा पाहिला आणि एकटीच टाळ्या वाजवू लागली.

दुपारी कलावतीबाईंचं हृदय आपल्या बळावर धडधडू लागलं. संध्याकाळी पुंडलिकभाऊ गरम समोसे घेऊन प्रयोगशाळेत आले.

"ताई, पुढच्या वेळी रोलर लावताना तुम्ही शेजारीच उभ्या राहा बरं."

"राहीन की!" तोंडातला घास तसाच ठेवून सुमेधा म्हणाली. "पुढची केस कधी आहे?"