ओकबुननं अडवलेला पेंढा

नवरा गेला त्या वर्षी ओकबुनच्या भाताची खालची पानं नेहमीपेक्षा जास्त करपली. आधी टोकं पिवळी पडली, मग कडा तांबूस झाल्या, आणि वादळात अर्धं भात आडवं झालं. शेतकी कार्यालयातल्या बाईंनी माती तपासून सांगितलं, की जमिनीतला पालाश, म्हणजे पोटॅश, संपत आलाय. भात तो शोषून घेतं आणि बराचसा पेंढ्यात साठवतं. पेंढा गेला की पालाशही गेला.

पेंढा जात होता धाकट्या दिराच्या, गिसॉपच्या गोठ्यात. नवऱ्यानं भावाला कधी नाही म्हटलं नव्हतं. गुरांचं शेण मात्र गिसॉप खरबुजाच्या मळेवाल्याला देई.

पुढच्या कापणीनंतर तो गठ्ठे बांधायचं यंत्र घेऊन आला, तर ओकबुन बांधावर उभी.

"भावजी, शेण आणा आणि पेंढा न्या."

"दादाच्या वेळी असले सौदे नव्हते, वहिनी."

"त्यांच्या वेळीही पानं करपतच होती. ते भावाकडे बघायचे, मी पानांकडे बघते."

गिसॉपनं यंत्र सुरू केलं. ओकबुन रबरी बूट ओढत खाचरात उतरली आणि यंत्राच्या वाटेत पेंढ्यावर फतकल मारून बसली. अख्खं गाव बघत होतं. शेवटी त्यानं यंत्र बंद केलं आणि रिकामा परतला.

नववर्षाला पितरांपुढे नैवेद्याची ताटं मांडताना सासूबाई म्हणाल्या, गवतासाठी घर फोडलंस. ओकबुननं माफी मागितली नाही. सगळा पेंढा तिनं बारीक करून मातीत नांगरून टाकला होता. उन्हाळ्यात, रोपांच्या पोटात लोंब्या धरायच्या सुमाराला, वर थोडं पालाशखतही फेकलं.

त्या वर्षी पानं कडेपर्यंत हिरवी राहिली. तरीही वादळानं सखल कोपरा झोपवलाच. गिसॉप रस्त्यावरून हसला, "एवढा पेंढा खाऊनही पडलं की, वहिनी!"

"पडलं तर माझं पडलं. उचलीन मी."

आणि तिनं उचललंही. चिखलात वाकून चार-चार ठोंब एकत्र बांधत संध्याकाळपर्यंत तिनं तो कोपरा उभा केला.

पुढच्याच हंगामात, स्वतःचा सगळा पेंढा गोठ्यात गेल्यावर, गिसॉपच्या स्वतःच्या खाचरातली पानं तांबूस पडली. हिवाळ्यात तो शेणखतानं भरलेली ट्रॉली घेऊन दारात आला. कुठे टाकू, एवढंच त्यानं खाली बघत विचारलं. तिनं जागा दाखवली. ट्रॉली रिकामी होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

"आता पेंढा?" त्यानं विचारलं.

"अर्धा. बाकीचा जमिनीचा."

"शेण आणूनही अर्धाच?"

"अर्धाच, भावजी," ती म्हणाली आणि खत पसरायला फावडं त्याच्याच हातात दिलं.