आबांना पत्रा ऐकवायचा नाही

काळेवाडीहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "आत्या, दादा गेले," एवढंच तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि उरलेले तांदूळ निवडून काढले... दुसरं काय करणार? माझा थोरला भाऊ, सगळ्या भावकीचा दादा, अगदी स्वतःच्या मुलांचाही दादाच. नव्वदी ओलांडली होती, सुखानं गेला, असं सगळे समजावतात. समजावोत बापडे. महिना झाला तरी मला रडू येतं.

चाकणजवळच्या आमच्या गावातून पिंपरीच्या कारखान्यात लागलेला आमच्या घरातला तो पहिला. पन्नासच्या दशकातली गोष्ट. औषधांचा कारखाना तेव्हा नवा होता आणि दादा तिथं सुतारखात्यात, बाटल्यांची खोकी ठोकायला. कॉलनीत एक खोली मिळाली, आणि खोलीत चक्क वीज! वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली म्हणून भाकऱ्या थापायला मला बोलावलं. मी सोळा-सतराची. हात कामाला लागले की तोंडातून ओव्या सुरू, ही माझी सवय. त्या कॉलनीतल्या एका बाईंनी ऐकल्या आणि मला थेट पुण्याच्या रेडिओवर नेलं. आवाजाची परीक्षा झाली आणि बायकांच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मिळाली. गावाकडं आमचे वडील, आबा, कडाडले. "जात्यावर म्हनावं, चावडीवर न्हाई!" दादानं चार खेपा घालून त्यांना एवढ्यावर आणलं, "एकदा ऐकीन. लाज वाटली तर त्या दिवसापून हिचं गानं बंद."

आता गंमत अशी, की आबांनी रेडिओ ऐकलेला तो ग्रामपंचायतीचा. पत्र्याच्या कर्ण्यातून यायचा तो आवाज. "ह्यात मानूस बोलतंय का पत्रा वाजतोय?" हे त्यांचं मत अख्ख्या गावाला पाठ होतं. दादाकडं जुन्या बाजारातून आणलेलं रेडिओचं उघडं यंत्र होतं, आणि एक स्पीकर, काळ्या कागदाचा, ताटलीएवढा. भिंतीला टांगला की तोही केकाटायचा. दादा म्हणाला, "शांते, आबांना पत्रा ऐकवायचा नाही. तुझा आवाज ऐकवायचा."

मग पेट्या सुरू झाल्या. फळीवर डब्यांशेजारी मावेल एवढीच पेटी हवी, कारण खोलीत दुसरी जागाच नव्हती. पहिली मोडक्या खोक्यांच्या फळ्यांची. तिच्या फटी शिट्ट्या मारायच्या. दुसरी चहाच्या खोक्याच्या पातळ प्लायवूडची. ती ढोलकीसारखी घुमायची. तिसरीला त्यानं आतून आडव्या पट्ट्या मारल्या, सांधे लांबी भरून बुजवले आणि पोटात आईची फाटकी गोधडी कोंबली. पारख करायची त्याची रीतही न्यारी. बातम्या वाचणारी बाई पेटीतून एक वाक्य बोलली, की तेच वाक्य मी पेटीशेजारी उभी राहून म्हणायचं, आणि तो डोळे मिटून बसायचा. "बाईचं नरडं ऐकू येतंय, छाती नाही येत." की पुन्हा स्क्रू काढ, पुन्हा गोधडी ओढ. महिनाभर मी देशाच्या बातम्या म्हणत होते! शेवटी एक दिवस तो नुसता हसला. पेटी जमली होती.

कार्यक्रम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आई सणाला आधीच आली होती, आबा कार्यक्रमाच्या दिवशी यायचे होते. खंडेनवमीला दादा पहिल्या शिफ्टला गेला, आणि आईनं रिवाजाप्रमाणे त्याची हत्यारं पुजली. करवत, रंधा, हातोडी... आणि पेटी. पेटीच्या लाकडाला कुंकू लावून थांबावं की नाही? पण तिला वाटलं, बोलतो तो काळा कागद, खरा मान त्याचा. ओल्या कुंकवाची पाच बोटं तिनं त्याच्यावर चांगली दाबून उठवली. कागद भिजला आणि फाटला. मी तिथंच होते, पण पूजा चालू असताना आईला अडवायची माझी काय बिशाद! दादा घरी आला, फाटलेल्या कागदावरून बोट फिरवून बघितलं. आई कावरीबावरी. "आरं, देवाचं कुंकू लावलं, वंगाळ कसं व्हईल?" त्यानं पतंगाचा कागद आणला, पिठाची खळ केली आणि ठिगळ लावलं.

त्या दिवशी मी पुण्यात, माइकपुढे. इकडं खोलीत काय झालं ते मला आईनं सांगितलं. आबा घोंगडीवर बसलेले, दारात शेजारीपाजारी. गाणं सुरू झालं आणि ठिगळ सुटलं, फर्रफर्र करायला लागलं. आबांच्या कपाळाला आठी. दादानं झटकन पेटी स्टुलावर घेतली, मागची फळी काढली, हात आत घालून ठिगळ बोटानं अलगद दाबलं आणि आवाज मागून निसटू नये म्हणून उघड्या पेटीला छाती लावून उभा राहिला. दहाच्या दहा मिनिटं, हलला नाही. फरफर थांबली. आबा खाली मान घालून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "परत कदी हाय?"

त्या एका प्रश्नावर माझं पुढलं सगळं आयुष्य उभं आहे.

जाण्याआधी पंधरा दिवस त्याला भेटायला गेले होते. दुपारची वेळ. ती पेटी पलंगाशेजारी, तिच्यावर औषधांच्या बाटल्या. एकदम म्हणाला, "शांते, त्या दिवशी मी तुझं गाणं ऐकलंच नाही गं. सगळा जीव त्या ठिगळात. सगळ्यांनी ऐकलं, मी सोडून." पुढं माझे कितीतरी कार्यक्रम त्यानं ऐकले, पण पहिलं ते पहिलंच. आणि सत्तरेक वर्षं हा लबाड मला 'झकास झालं' म्हणत आला होता! मी म्हटलं, "आता या वयात माझा आवाज म्हणजे पत्राच रे." तो म्हणाला, "असू दे. म्हण."

म्हटलं. पहिल्या ओवीला त्यानं डोळे मिटले. दुसरीला घोरायला लागला. मला हसू आलं आणि भरूनही आलं. मी गातच राहिले. तिसरी झाली, चौथी झाली, भावाची ओवी आली, तीही त्याच्या उशाशी बसून सावकाश म्हटली... थांबले असते तर तो जागा झाला असता.