बरोबर शब्दाखालची लाल रेघ

टायपिंगच्या परीक्षा मी धुळ्यात दिल्या, जुन्या खडखडणाऱ्या टाइपरायटरवर. आमच्या सरांचा एकच दंडक होता: चूक दिसली की हात थांबला पाहिजे. ती दुरुस्त केल्याशिवाय पुढच्या शब्दाला बोट लावायचं नाही. या शिस्तीचा मला फार अभिमान होता. आज तिचाच राग येतो.

नव्वदीच्या अखेरीस जळगावच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या ऑफिसात टायपिस्टची जागा निघाली. चाचणी कॉम्प्युटरवर होती. घरी साक्रीला ठरलेलंच होतं, नोकरी लागली तर मी जळगावला मावशीकडे राहणार, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढी एक संधी काकांशी भांडून मिळवून दिली होती.

टाइप करायचं इंग्रजी पत्र कापसाच्या रंगाबद्दल आणि मजुरांबद्दल होतं. पहिल्याच ओळीत कलर लिहिलं आणि खाली लाल नागमोडी रेघ उमटली. शाळेपासून मी त्यात यू लिहीत आले, समोरच्या कागदावरही यू होता. तरी हात थांबला. पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा रेघ. मग कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि चौकट आली, की हा शब्द कोशात नाही. खाली यू काढलेला शब्द मांडून ठेवलेला. तो घ्यावा तर सरांच्या लेखी चूक, न घ्यावा तर यंत्राच्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लेबर, सेंटर, सगळीकडे तोच ताप. मी चिडून चिडून रडकुंडीला आले.

शेजारची उमेदवार रेघांकडे ढुंकूनही न बघता टाइप करत गेली. वेळ संपली तेव्हा तिचं पत्र पूर्ण होतं, माझं अर्धं. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "ताई, त्या रेघा कागदावर छापून येत नाहीत. अमेरिकेचं सॉफ्टवेअर आहे, ते असंच बोंबलतं." हे आधी सांगितलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं? जागा तिला मिळाली.

एसटीने साक्रीला परतले. ओट्यावर बसलेल्या आबांना पुन्हा पुन्हा सांगितलं, की माझं एकही स्पेलिंग चुकलं नव्हतं, चूक यंत्राचीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुनं बरोबर व्हतं ना?" ते अहिराणीत म्हणाले. "मंग थांबनी कसाले?" मी थांबलेच कशाला, एवढाच त्यांचा प्रश्न.

पुढच्याच रविवारी घरी पाहुणे आले, मला बघायला.