पाट घेऊन सोप्या वाटेवर

घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कुठे निघालात?’ असं विचारू नये, ही रीत पुष्कळ मराठी घरांत आहे. पण आमच्या अण्णांइतकी, म्हणजे माझ्या वडिलांइतकी, ती मनावर घेतलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुणी विचारलंच तर अण्णा निमूट चपला काढून घरात परत यायचे, पाटावर बसायचे, तांब्यातलं पाणी प्यायचे आणि मग नव्याने निघायचे. एकदा लहानपणी मी विचारून बसले, तर त्यांची बस चुकली आणि दुकान उशिरा उघडलं. बंगळुरात, बसवनगुडीतल्या आमच्या शेजारच्या कन्नड अक्कांनाही हे पाठ झालं होतं. अण्णा पिशवी घेऊन दारात दिसले की त्या तोंड घट्ट मिटून नुसती मान हलवायच्या.

आई गेल्यावर अण्णा त्या घरात एकटेच राहतात. मी यशवंतपूरला असते, मेट्रोने येऊनजाऊन बघते. माझा धाकटा भाऊ पुण्यात, एका उंच इमारतीत, जिथे मी खिडकीतून खाली बघतच नाही. मागच्या वर्षी अण्णांना जिन्यात जरा चक्कर आली. मी मूर्खासारखं ते भावाला फोनवर सांगितलं आणि तो दुसऱ्याच दिवशी हजर.

“अण्णा, आता पुण्याला चला. इथे एकटं राहणं पुरे झालं.”

“मला काय धाड भरली आहे? ठणठणीत आहे मी.”

“मग चालून दाखवा.”

झालं. दोघेही एकाच मातीचे, हट्टी. भावाने फोनवर शोधून कुमट्याजवळची एक वाट काढली. गावातून निघायचं, जंगलातून टेकडी चढायची आणि पलीकडे समुद्रावर उतरायचं. वर लिहिलं होतं, ‘सोपी वाट, ज्येष्ठांसाठी योग्य’. अट अशी ठरली की अण्णांनी कुणाचा हात न धरता आणि दमून कुठेही न बसता समुद्र गाठला, तर ते बसवनगुडीतच राहणार. दमून बसले, तर पुणे. अण्णा रागारागाने “सरी”, म्हणजे ठीक आहे, म्हणाले.

मला मात्र रात्रभर झोप नाही. अण्णा गेले की त्या घराला कुलूप लागणार आणि माझं माहेर संपणार. पन्नाशी उलटली तरी मला माहेर लागतं, आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही.

निघताना अण्णांनी कापडी पिशवीत पाट घातला. जेवायला बसायचा, शिसवी, चांगला जड पाट.

“अण्णा, डोंगर चढायला पाट?” भाऊ म्हणाला.

“वाटेत कुणी विचारलं तर परत यायला घर नको? पाट बरोबर असला की घर बरोबर.”

भाऊ हसला. जंगलात कोण विचारतंय, असा त्याचा हिशेब. कुणी विचारल्यामुळे पाटावर बसलात तर ते दमून बसणं धरणार नाही, असं त्याने उदार मनाने कबूलही केलं. पुण्याला जाऊन तो विसरला होता की आपल्याकडे गावात ‘एल्लिगे?’, म्हणजे कुठे, हे माहितीसाठी कुणी विचारत नाहीच. तो नमस्कार असतो.

यशवंतपूरला गाडीत बसून सकाळी कुमट्याला उतरलो. वाटेच्या तोंडाशी रिक्षावाल्याने आम्हाला सोडलं, सुटे पैसे परत दिले आणि प्रेमाने नेमकं तेच विचारलं, “एल्लिगे होरट्री, अज्जा?”

अण्णांनी पिशवीतून पाट काढला. रस्त्याच्या कडेला मांडला. चपला काढल्या, बसले, पाणी प्यायले, उठले. रिक्षावाला बघतच राहिला. आम्ही निघालो आणि पहिल्याच वळणावर सुक्या पानांचा भारा डोक्यावर घेतलेली बाई समोर आली. भाऱ्याखालून तिने विचारलं, एल्लिगे? पुन्हा पाट. मग शहाळीवाला. मग विहिरीवर धुणं धुणाऱ्या दोघी, त्यांनी एकदम विचारलं म्हणून अण्णा एकदाच बसले, ते त्यातल्या त्यात बरं. मग आमच्याच बंगळुरातली आयटीची पोरं भेटली. “अंकल, कहाँ जा रहे हो?”

“हिंदी चालत नसेल,” भाऊ आशेने म्हणाला.

“भाषा कुठलीही असो, प्रश्न तोच,” अण्णा म्हणाले आणि पाट मांडला.

माझं डोकं फिरलं. अशाने रात्रीपर्यंत समुद्र दिसणार नव्हता. मी म्हटलं, आता मीच पुढे जाऊन लोकांना बजावते. पुढच्या घराच्या अंगणात एक म्हातारी सुपाऱ्या वाळत घालत होती. मी हात जोडून म्हटलं, “अम्मा, मागून माझे वडील येतायत. त्यांना कुठे निघालात असं तेवढं विचारू नका.”

“का गं? कुठे निघालेत?”

“ते विचारायचं नाही.”

“मी तुला विचारते. त्यांना कुठे विचारतेय?”

तोवर अण्णा पोचले आणि आमचं बोलणं ऐकून फाटकापाशीच पाटावर बसले. म्हातारीने त्यांना ताक दिलं. मला दिलं नाही.

मग भावाने युक्ती काढली. समोरून माणूस दिसला की विचारायच्या आत हा ओरडायचा, “समुद्रावर, समुद्रावर चाललोय.” त्यावर एक गुराखी थांबून म्हणाला, “कुठल्या समुद्रावर?” अण्णांनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला की ‘कुठल्या’ म्हणजे ‘कुठे’च. पाट पुन्हा बाहेर.

“अक्का, हे चीटिंग आहे,” भाऊ माझ्या कानात पुटपुटला.

“अट कुणी मान्य केली?” मी म्हटलं. मनातून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पण जंगल सुरू झालं तसं मला काहीतरी वेगळंच दिसायला लागलं. जन्मभर हा प्रश्न टाळत आलेले अण्णा आता माणूस दिसला की त्याच्यासमोर जाऊन उभे राहायला लागले. घसा खाकरायचे. एका लाकूडतोड्याने विचारलंच नाही, तर त्यांनी त्याला उगाच “काय, बरं आहे ना?” असं विचारून पाहिलं. तोही बरं आहे म्हणून निघून गेला. अण्णा बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिले. माझी हौस जिरली. मला भीती वाटायला लागली.

शेवटचा चढ सोपा म्हणे. दगड, मुळं आणि चिटपाखरू नाही. वरून समुद्राचा आवाज येत होता, पण माणूस एकही नाही. अण्णा एका झाडाला हात टेकून उभे राहिले. ओठ पांढरे पडले होते, सदरा पाठीला चिकटला होता, श्वास नुसता वरच्या वर. वाटेत एक गाय उभी होती, तिच्याकडेही त्यांनी आशेने बघितलं. मी म्हणणार होते, बसा हो अण्णा, मरू दे ती पैज. पण मी बसा म्हटलं आणि ते बसले, की घर गेलं. मी म्हटलं नाही, तर कदाचित अण्णाच जातील.

भाऊ पुढे होता. त्याने वळून बघितलं. अण्णांकडे, मग माझ्याकडे. तो आणखी थोडा वर चढून झाडाआड गेला. मला वाटलं, हा चालला आपल्या जिंकण्याच्या आनंदात, आणि अशी संतापले की बोलायची सोय नाही.

इतक्यात तो परत खाली येताना दिसला. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, हातात एक काटकी. आमच्यापाशी येऊन थांबला आणि अगदी इकडच्या लोकांसारखं कन्नडात म्हणाला, “एन अज्जा, एल्लिगे होरट्री?”

अण्णांनी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. मग मला म्हणाले, “या वाटेवरची माणसं काही सोडत नाहीत बघ.” आणि पाट मांडून बसले. बसले म्हणजे कोसळलेच. मी पाणी दिलं. भाऊ परक्या माणसासारखा काटकी टेकून बाजूला उभा राहिला, आणि अण्णांचा श्वास खाली येईपर्यंत हलला नाही.

मग अण्णांनी जन्मात पहिल्यांदा त्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तेही कन्नडातच. “समुद्र बघायचा आणि घरी जायचं. बसवनगुडीला.” थोडं थांबून म्हणाले, “आणि तुम्ही? तुम्ही कुठे निघालात?”

भावाने काटकी खाली टाकली. “पुण्याला,” तो म्हणाला. “एकटाच.”

अण्णा पाटावर जरा सरकले. “मग बसा घटकाभर. विचारलंय मी.”

पाट एका माणसाचा. दोघे त्यावर अर्धे-अर्धे बसले आणि मी भावाला पाणी दिलं.