पाठ माझी, घासणी माझी

निमाकाकू गेल्या, हे मला रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात कळलं. त्यांच्या मुलाचा, मंदारचा फोन आला. "आई गेली गं..." एवढंच म्हणाला. त्याला महिना झाला. तेव्हापासून जो भेटतो तो म्हणतो, बिचारी, परक्या देशात गेली, शेवटी फार हाल झाले. मला संताप येतो. हाल झाले असतील. पण ती बाई बिचारी कधीच नव्हती. तसं म्हणणाऱ्यांनी तिच्या हातची घासणी एकदा अंगाला लावून बघावी.

काकू मिरजेच्या शाळेत विणकाम शिकवायच्या. काका गेल्यावर मुलाकडे इथे परदेशात, पासिर रिसला आल्या, आमच्याच ब्लॉकमध्ये, दोन मजले वर. अंघोळीसाठी दुकानात मिळतो त्या जाळीच्या गोळ्यावर त्यांचा भारी राग. "चार दिवसांत चिंध्या होतात. ह्याला घासणी म्हणायचं?" ब्लॉकखालच्या हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी गुलाबी प्लास्टिकच्या दोरीचा गुंडा आणला, लोक रद्दीचे गठ्ठे बांधायला नेतात तो. जाड सुयांवर वीस टाके घातले, सगळ्या ओळी सुलट विणून हातभर पट्टी केली आणि पहिली मला दिली. माझी पाठ सोलून निघाली. दुसऱ्या दिवशी वर जाऊन तोंडावर सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, चुकलंच माझं. दोरीबरोबर सुती धागा घ्यायला हवा होता, आणि हात सैल." लगेच उसवायला बसल्या. दुसरी मात्र अशी झाली की ब्लॉकमधल्या बायका मागायला लागल्या. नात इरा इथल्या पोरांच्या बोलीत विचारायची, "आजी, शॉपमध्ये मिळतं लाह, व्हाय मेक?"

"मला येतं म्हणून," काकू म्हणायच्या.

गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा डावा हात लुळा पडला. मंदारने अंघोळ घालायला बाई ठेवायचं ठरवलं. आईवर जीव होता त्याचा, ती बाथरूममध्ये पडेल या धास्तीने तो अर्धा झाला होता. काकूंनी सगळ्यांदेखत ठणकावलं, "मी अजून मेले नाहीये. मेल्यावर घाला काय घालायची ती अंघोळ."

मी शहाणी, मंदारची बाजू घेतली. काकू पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत... आणि त्या पंधरा दिवसांत त्यांनी एक सुई बगलेत दाबून धरून, एका हाताने, तीन हात लांब पट्टी विणली. दोन्ही टोकांना मनगट जाईल एवढं कडं. मग मला आणि मंदारला बाथरूमच्या दाराशी उभं केलं आणि कपड्यांसकट स्टुलावर बसून दाखवलं. एक कडं नळाला अडकवायचं, दुसरं उजव्या मनगटात घालायचं, पट्टी पाठीवर ताणायची आणि पाठच इकडून तिकडे हलवायची. "गोठ्यातली म्हैस खांबाला घासते ना, तशी," म्हणाल्या. मंदारला हसू आवरेना, रडूही आवरेना. बाईला त्याने नको म्हणून कळवलं; दाराची आतली कडी तेवढी काढून टाकली. शेवटपर्यंत काकू आपल्या हाताने न्हाल्या.

अंत्यसंस्कारांच्या ठिकाणी हातमोजे घातलेल्या दोन बायका काकूंना शेवटची अंघोळ घालायला स्पंज घेऊन तयार होत्या. मी म्हटलं, थांबा. पिशवीतून काकूंची लांब घासणी काढली. मंदार बाहेर जाताना म्हणाला, "तूच घाल गं. तू चालली असतीस तिला." त्या दोघींनी काकूंना कुशीवर वळवून धरलं आणि मी पहिल्यांदाच त्यांची पाठ घासली, हात सैल ठेवून. खूप रडले. पण मनात एक ताठ समाधानही होतं, की बाई बोलल्याप्रमाणे वागली. तिने सांगितलं होतं त्याआधी एक दिवससुद्धा कुणाला तिला हात लावता आला नाही.

ती घासणी मंदारने मलाच दिली. आमच्या बाथरूममध्ये आहे. गुलाबी रंग उडालाय, एक टाकाही सुटलेला नाही. अलीकडे माझा खांदा धरलाय, हात मागे जात नाही. परवा नवरा दाराबाहेरून म्हणाला, "येऊ का? पाठ घासून देतो."

"नको," म्हटलं. "मी अजून मेले नाहीये." आणि कडं नळाला अडकवलं.