पन्नास मिनिटांची वाट

मांडीवरच्या भाकरीच्या फडक्याची गाठही सोडली नव्हती, तोवर विमानाच्या खिडकीत लेकीच्या गावचे डोंगर आले. आमच्या माळावरच्या विमानतळापासून तिच्या डोंगरातल्या विमानतळापर्यंत पन्नास मिनिटं. मी चार वेळची भाकरी घेऊन बसलेलो.

प्रवास म्हटला की आमची ही विचारायची, “किती वेळची बांधू?” लेकीकडं जायचं काढलं की मी म्हणायचो, “आधी रेल्वे, मग बस. दोन दिवस जातात. तुझे गुडघे टिकतील का?” ती फडकं परत घडी घालून ठेवायची. विमान तेव्हाही होतं, मी कधी चौकशीच केली नाही. तिला जाऊन आता वर्ष झालं.

माणूस लांब म्हणतो तेव्हा त्यानं वाट मोजलेली नसते. त्याला हलायचं नसतं.

बाहेर लेकीनं हात धरला. “दमलात का, आबा?”

“नाही गं. तू एवढी जवळ होतीस, आणि तुझ्या आईला मी लांब सांगत राहिलो.”