दुसऱ्या गिअरचा घाट

माझा डावा गुडघा वाकत नाही. लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली पाय आला, गावच्या हाडवैद्यानं तो बांबूच्या खपच्या लावून सरळ बांधला, आणि तो तसाच सरळ राहिला. हे आधीच सांगून टाकतो. लोक आडून आडून विचारतात ते मला कधीच आवडलं नाही.

आमचं गाव आर्णीच्या जवळ, नदीकाठी. कापूस-तूर सगळ्यांचीच होती, पण आमच्या मळ्यात वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर व्हायची. आर्णीच्या बाजारात सगळ्यांचा भाजीपाला एकाच दिवशी यायचा आणि मातीमोल जायचा. यवतमाळला गिऱ्हाईक होतं. पण बैलगाडीनं माल तिथं पोचेपर्यंत सांभाराची मान मोडलेली असायची आणि एसटीचा कंडक्टर दोन टोपल्यांच्या वर तिसरी चढवू द्यायचा नाही.

वडलांनी मागं, दुसरी मोठी लढाई संपल्यावर, लष्कराच्या लिलावातून एक अमेरिकन पिकअप गाडी आणली होती. पुढं दोघांची बैठक, मागं उघडा हौदा, पेट्रोलचं इंजिन. वडील होते तोवर ती अधूनमधून चालली. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या आदल्या वर्षी वडील गेले आणि गाडी निंबाखाली उभी राहिली. हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

शेती माझा थोरला भाऊ बघायचा. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "इंजिन काढून घेऊ अन् विहिरीवर बसवू. मोटेचे बैल तरी सुटतीन."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तेव्हा बऱ्याच गावात जुन्या मोटारींची इंजिनं विहिरीवर पाणी उपसत होती. पण मी म्हणालो, "दादा, गाडी मी चालवतो. भाजी यवतमाळले नेतो."

दादा हातातला घास ताटात ठेवून म्हणाला, "तू? कोणत्या पायानं?"

तो टोचून बोलला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं.

कापूस निघाल्यावर रिकाम्या वावरात मी शिकलो. वडलांच्या शेजारी बसून पाहिलं होतं, तेवढ्या जोरावर. ब्रेक आणि ॲक्सिलेटर उजव्या पायाचे, ते मला काही जड गेलं नाही. अडचण होती डाव्या पायाच्या क्लचची. गुडघा वाकत नाही म्हटल्यावर अख्खी कंबर पुढं सरकवून, पाय काठीसारखा रेटून क्लच दाबायचा, आणि सोडायला पुन्हा कंबर मागं ओढायची. सपाटीवर जमून जायचं. गिअर बदलायला वेळ लागला तर गाडी थोडी रेंगाळायची, एवढंच.

पण यवतमाळच्या अलीकडं घाट आहे. टोपल्या भरून पहिल्यांदा गेलो तेव्हा चढाच्या मध्यावर इंजिनाचा दम गेला. दुसऱ्या गिअरातून पहिल्यात आणायला मी कंबर सरकवेपर्यंत गाडी उभी राहिली आणि मागं जाऊ लागली. ब्रेकवर उभा राहिल्यासारखा मी बसून राहिलो. मागून एसटी आली. उतारूंनी उतरून धक्का मारला. त्यातला एक टोपीवाला माझ्या ताठ पायाकडं पाहून घाम पुसत म्हणाला, "ज्याले चालता येत नाही त्यानं गाडी कायले काढावी?"

भाजी विकली, परत आलो आणि दुसऱ्या दिवशी आर्णीच्या मेस्त्रीकडं गेलो.

मेस्त्री वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. लढाईत ते बर्मेच्या बाजूला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते आणि असल्या गाड्या त्यांच्या हाताखालून पुष्कळ गेल्या होत्या. चिंचेखाली त्यांचं दुकान. तिथं दोन-चार ड्रायव्हर कायम बसलेले असायचे. चाचांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे बारीक करून ऐकलं.

"पिकप नाही हिच्यात," ते म्हणाले. "फिकर मत कर. माझ्याकडं मोडीतल्या ट्रकचा मोठा कार्बोरेटर हाय, तो बसवतो. सायलेन्सर सीधा करून टाकतो. अशी भागते पाहा, जीपवाले मागं राहून जातीन."

"चाचा, मले कोणाले मागं टाकायचं नाही. मले घाट चढाचा हाय. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दुसऱ्या गिअरात. मधात क्लच दाबाचा नाही."

बसलेले ड्रायव्हर हसले. चाचा हसले नाहीत, पण म्हणाले, "गिअर न बदलता घाट कोन चढते बेटा?"

मी पायजमा वर करून गुडघा दाखवला. मग गाडीत बसून क्लच कसा दाबतो तेही दाखवलं. चाचा वाकून पेडलकडं पाहत म्हणाले, "एक ड्रायवर ठेवून घे."

मी खाली उतरलो आणि इंजिन फिरवायचं हँडल उचललं. "नाही करायचं तर नाही म्हणा. दुसऱ्या मेस्त्रीकडं जातो. ड्रायव्हर ठेवाचा असता तर दादालेच सांगतलं असतं."

"बस," चाचा म्हणाले. "चहा घे. गरम डोक्यानं इंजिन खोलत नसतात."

त्या चहावर आमचं भांडण सुरू झालं आणि ते पुढं बरेच दिवस चाललं. चाचांना धावणारी गाडी करायची होती. मला ओढणारी पाहिजे होती. मोठा कार्बोरेटर इंजिन जोरात फिरतं तेव्हा कामाचा, पण घाटात इंजिन हळू फिरत असतानाच त्यात जोर हवा, हे ते मला समजावत होते आणि त्यांच्याच समजावण्यावरून मी कार्बोरेटर नको म्हणत होतो. "मी शिकवून राह्यलो अन् तू माझ्याच गळ्यात घालून राह्यला," ते एकदा म्हणाले. चिंचेखालच्या प्रत्येकाकडं एकेक सल्ला होता. एकानं डिझेल इंजिन टाक म्हटलं. एकानं गाडी भंगारात घाल आणि पानठेला काढ, बसून धंदा होतो, म्हटलं. त्याला मी म्हणालो, "तुमचे दोन्ही पाय धड हायेत. तुम्ही काहून दिवसभर बसून राहता?" त्या दिवसापासून तो सल्ले द्यायचा थांबला.

शेवटी ठरलं ते असं. कार्बोरेटर जुनाच ठेवायचा. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, ज्याला मेस्त्री हेड म्हणतात, ते खालून थोडं घासून घ्यायचं, म्हणजे आतली जागा कमी होते, पेट्रोल मिसळलेली हवा जास्त दाबली जाते आणि जोर वाढतो. रिंगा नव्या टाकायच्या, व्हॉल्व्ह घासून घ्यायचे. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे मागच्या चाकांच्या धुरीतली, म्हणजे आसातली, गरारी, ते दातेरी चाक, बदलायची. त्याच कंपनीच्या मोठ्या लष्करी ट्रकची गरारी बसवली की चाकं हळू फिरतील पण ताकदीनं फिरतील.

"पण ऐकून घे," चाचा म्हणाले. "सपाट रस्त्यावर गाडी मरेल. सायकलवाले हसतीन तुले."

"हसू द्या."

"वापस माझ्याकडं रडत येशीन."

"रडत नाही येत. आलोच तर भांडाले येईन."

हेड यवतमाळला वर्कशॉपमध्ये घासून आणलं. गरारी मोडीच्या ढिगातून चाचांनीच शोधली. क्लचच्या पेडलला आमच्या गावच्या लोहारानं लोखंडी पट्टी जोडून वर लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे मला कंबर तितकी सरकवावी लागू नये. चढावर उभ्या गाडीला हालवायचं तर उजवा पाय ब्रेकवर अडकलेला असतो, ॲक्सिलेटर कोण दाबणार? म्हणून समोरच्या पत्र्याला एक खटका आणि त्याला तार लावून घेतली. हातानं खटका ओढला की इंजिनाला पेट्रोल मिळायचं. ही कल्पना माझी. चाचा म्हणाले, तार तुटली तर? मी म्हणालो, दोन लावा.

पहिली चाचणी फसली. घाटाच्या वळणावर इंजिन आतून हातोडी मारल्यासारखं ठोकू लागलं आणि रेडिएटरमधून वाफ उसळली. परत आलो. मी म्हणालो, हेड जास्त घासलं. चाचा म्हणाले, तुझ्या पेट्रोलमध्येच रॉकेल हाय. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांशी बोललो नाही. संध्याकाळी चाचांनी न सांगता हेड उघडलं, आतली जागा थोडी वाढावी म्हणून खाली एकाऐवजी दोन गॅस्केट टाकले, स्पार्कचं टायमिंग थोडं मागं घेतलं आणि म्हणाले, "आता ठोकलं तर मले ठोक."

दुसऱ्या चाचणीला माझ्यासोबत वहिनी आली. दादानं नाही म्हटलं होतं. ती म्हणाली, "भाऊजी एकटे जातीन अन् गाडी मागं आली तर चाकाले दगड कोन लावन?" आणि मोठा दगड मांडीवर घेऊन ती पुढच्या बैठकीवर बसली. मागं वांग्यांच्या टोपल्या. पायथ्याशी मी दुसरा गिअर टाकला आणि क्लचवरून पाय काढला तो काढलाच. गाडी बैलासारखी मान खाली घालून चढू लागली. वेग असा काहीच नव्हता. वळण आलं, ठोका आला नाही. जिथं एसटीच्या लोकांनी धक्का मारला होता ती जागा आली आणि गेली. माथ्यावर आल्यावर वहिनीनं दगड खिडकीतून बाहेर टाकला आणि हात झटकले. "उगीच वजन वाहून आणलं," ती म्हणाली.

त्यानंतर परवाना काढायला यवतमाळला गेलो. इतके दिवस गावाकडं कोणी विचारलं नव्हतं, पण रोज शहरात जायचं तर परवाना पाहिजे. परीक्षा घेणारे साहेब पुण्याकडून नवीन आले होते. मी लंगडत आत गेलो तसं त्यांनी पायाकडं पाहिलं आणि कागद बाजूला सारला.

"हे व्हायचं नाही. रस्त्यावर माणसं असतात."

"माणसं घाटातही असतात साहेब. मी रोज चढतो."

"परवान्याशिवाय?"

माझी जीभ घसरली होती, पण आता मागं घेणं शक्य नव्हतं. "हो. म्हणूनच परवाना मागाले आलो. तुम्ही पाय पाहिला, गाडी पाहिली नाही. गाडी पाहा, मग नाही म्हणा. न पाहता नाही म्हणाल तर मी उद्या पुन्हा येईन. परवाही येईन."

मी खरंच दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशी शिपायानंच मला बसायला स्टूल दिलं. मी बसलो नाही, दारात उभा राहिलो. दुपारी साहेब टोपी घालून बाहेर आले आणि म्हणाले, "चला. तुमचा तो घाट बघू."

यवतमाळकडून घाट उतरून आम्ही पायथ्यापासून परत फिरलो. चढाच्या अर्ध्यावर साहेब म्हणाले, "थांबवा. पूर्ण थांबवा. आता पुन्हा चालवा."

याच गोष्टीची मला धास्ती होती. गाडी चढत असली तर चढायची, पण मध्येच उभी केली तर क्लच आलाच. मी ब्रेक दाबून धरला, कंबर पुढं रेटून ठोकळ्यावर पाय दिला, गिअर टाकला, डाव्या हातानं खटका ओढला. इंजिन गुरगुरलं. क्लच सोडताना गाडी हातभर मागं सरकली. साहेबांनी दाराची कडी पकडली. मग गरारीनं पकड घेतली आणि गाडी वर निघाली.

वर आल्यावर उतरून त्यांनी पेडल पाहिलं, तार ओढून पाहिली. "हे कुणी सुचवलं?"

"क्लच मी दाबतो साहेब. मग सुचवणार कोण?"

परवाना मिळाला, पण त्यावर त्यांनी लिहिलं की मी हीच एक गाडी चालवू शकतो, दुसरी नाही. मला राग आला. बाकीच्यांच्या परवान्यावर असं काही लिहिलेलं नव्हतं. मी ते बोलूनही दाखवलं. साहेब म्हणाले, "दुसरी गाडी घेतली की या, पुन्हा घाटात जाऊ." दोन-तीन वर्षांनी दुसरी गाडी घेऊन मी गेलो तेव्हा ते बदलून गेले होते आणि नव्या साहेबांशी पहिल्यापासून भांडावं लागलं. तेही भांडलो.

भाजी दिवस उजाडताना यवतमाळच्या बाजारात पोचू लागली. शेजारचे मळेवालेही टोपल्या देऊ लागले. सपाटीवर गाडी खरंच मंद होती. सायकलवाले हसून पुढं जायचे, चाचांनी सांगितल्याप्रमाणे. दादा कधी चांगलं म्हणाला नाही. फक्त एक दिवस सकाळी तो मुकाट्यानं टोपल्या हौद्यात चढवायला लागला आणि मग रोजच चढवू लागला.

माझ्या लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा मुलगी नेरकडची होती. मध्यस्थ आमचे मामा. ते म्हणाले, "आपण लवकर जाऊन गादीवर बसून घेऊ. मुलीकडची माणसं नंतर येऊन बसतीन. उठा-बसायचं काम पडणार नाही."

मी गाडी मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि सगळ्या गल्लीतून, अंगणातून, बायाबापड्यांच्या देखत चालत गेलो. मामा मागून चरफडत आले. मुलीच्या वडलांनी पाणी दिलं आणि विचारलं, "पायाले काय झालं?"

"लहानपणी गाडीखाली आला. वाकत नाही."

"वावरात कसं जाता?"

"चालत. लांब असलं तर गाडी घेऊन."

"चालवते कोण?"

"मीच."

आतल्या दारातून मुलीनं विचारलं, "गावाबाहेरच्या नाल्यात तर पाणी हाय. त्यातून आणली का?" तिच्या आईनं तिला गप्प केलं. मी म्हणालो, "त्यातूनच आणली."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. परतताना म्हातारी माणसं म्हणाली, नवरदेवानं गाडी हाकू नये, बरं दिसत नाही. मी बाशिंग काढून बैठकीमागं ठेवलं, नवरीला शेजारी बसवलं आणि दुसऱ्या गिअरात गाडी नाल्यातून काढली. वऱ्हाड बैलगाड्यांतून मागं येत होतं.